बाजाराचे बारसे

गुरुवारच्या सभेत सातवा विषय निघाला तेव्हा जेवणाची वेळ होत आली होती आणि रस्त्यापलीकडच्या कपानाच्या टपऱ्यांवरून भाजल्या मांसाचा वास खिडकीतून थेट नगराध्यक्षांच्या खुर्चीपर्यंत पोहोचत होता. अशा वेळी ओनामुगोंगोची नगर परिषद कोणताही ठराव मंजूर करते, हे मुख्याधिकारी लामेक यांना अनुभवाने कळून चुकले होते. म्हणूनच त्यांनी हा विषय इतका खाली ढकलला होता. गावातल्या सार्वजनिक जागांना माणसांची नावे द्यावीत किंवा कसे, असा तो विषय.

"द्यायलाच हवीत," लामेक म्हणाले. ते राजधानीत, विंडहुकला शिकून आलेले, त्यामुळे त्यांना पत्त्यांचे फार वेड. "आपल्याकडं कुणी घर विचारलं की काय सांगतो आपण? निळ्या दुकानामागं, गाढव बांधलेलं असतं तिथं. ते गाढव मरून जमाना झाला!"

"पण घर सापडतं की नाही?" सभासद साकेउस यांनी डोळे न उघडता विचारले.

"सापडतं, पण..."

"मग गाढवाचंच नाव द्या. नाहीतरी आपल्या सगळ्यांपेक्षा तेच जास्त राबलंय गावासाठी."

मानाच्या बाईला आमच्याकडे मेमे म्हणजे आई म्हणतात आणि पुरुषाला ताते म्हणजे वडील. नगराध्यक्षा मेमे रौना यांनी टेबलावर थाप मारली. "चेष्टा पुरे. शनिवारी नव्या बाजाराचं उद्घाटन आहे आणि पाटी अजून कोरी आहे. आधी बाजाराचं बघू. बोला, कुणाचं नाव द्यायचं?"

सभासद विल्हो ताबडतोब उभे राहिले. "माझ्या वडिलांचं. या गावासाठी त्यांनी काय नाही केलं?"

"विल्हो, खाली बस," साकेउस आता पुरते जागे झाले. "तुझ्या बापाला दुसऱ्याची गुरं आपल्या कळपात वळवायची सवय होती. त्याचं नाव दिलं तर सकाळी निम्मा बाजार शेजारच्या गावात सापडेल."

"आणि तुझं दिलं तर दुपारपर्यंत उघडणारच नाही!"

यात कुणी वेडेवाकडे बोलत होते असे नाही. नाव दिले की त्यामागून स्वभाव येतो, ही आमच्याकडची साधी गोष्ट आहे. बाप आपल्या लेकराला कुणा तरी आवडत्या माणसाचे नाव देतो आणि त्या घडीपासून तो माणूस त्या लेकराचा म्बुशे होतो. मग लेकरू हट्टी निघाले तर म्बुशेवर गेले, गोड गळ्याचे निघाले तर म्बुशेवर गेले. म्बुशेनेही ते नाते निभवायचे असते. बारशाला हात हलवत जायचे नाही, आणि पुढे जन्मभर त्या लेकराचे लाड पुरवायचे. माणसाला असतो तसा बाजारालाही म्बुशे असणार, यात शंका घेण्यासारखे काय आहे?

ही शंका नसलेली गोष्ट पहिल्यांदा बोलून दाखवली ती मेमे काइनोने. ही बाजारातल्या बायकांची पुढारी. सुकी मासळी आणि मोपाने झाडावरच्या वाळवलेल्या अळ्या विकते, आणि ठरावाच्या दिवशी न चुकता मागच्या बाकावर येऊन बसते.

"एक विचारू का?" ती म्हणाली. "जो कुणी आमच्या बाजाराचा म्बुशे होईल, तो बारशाला काय आणणार?"

"कोंबडी," कुणीतरी पुटपुटले.

"म्हणजे कोंबडीवर भागायचं नाही, म्हणून विचारलं," काइनो पुढे म्हणाली. "लेकरू थोराड आहे. नळ बसवलाय, पण त्यात पाणी नाही. आम्ही डोक्यावरून पाणी आणतो. एका कोपऱ्याला छप्परच नाही. म्बुशे म्हटल्यावर त्यानं बघायला नको?"

विल्हो अजून उभेच होते. ते हळूच बसले. "खरं सांगू का, आमचे वडील फार साधे. त्यांना असला गाजावाजा आवडला नसता."

"माझ्याकडं बघू नका," साकेउस म्हणाले. "मी कुठला एवढा थोर?"

"माझ्या नावाच्या आधीच पाच मुली आहेत," मेमे रौना घाईघाईने म्हणाल्या. "त्यांचंच करता करता जीव जातो."

"मेलेल्या एखाद्या थोर माणसाचं द्यावं का?" लामेक यांनी तोडगा काढला.

"मेलेला म्बुशे काय आणणार?" काइनो म्हणाली. "फार तर स्वप्नात येईल. आम्हाला जिवंत पाहिजे."

घड्याळाकडे बघता बघता मेमे रौनांची नजर कोपऱ्यातल्या एका सभासदाच्या रिकाम्या खुर्चीवर गेली. "ताते हाइम्बोदी कुठं आहेत?"

"गुरं बघायला गेले होते," लामेक म्हणाले. "ओशानाच्या सखल रानात पाणी चढलंय. त्यांची पिकअप चिखलात रुतलीय म्हणून निरोप आलाय."

"रुतलीय," विल्हो म्हणाले, आणि त्यांचा चेहरा उजळला. एकामागून एक सगळ्यांनी त्या खुर्चीकडे पाहिले. यानंतर चर्चा अशी झालीच नाही. सगळे हात एकदम वर गेले आणि मांस गरम असतानाच परिषद रस्ता ओलांडून पलीकडे पोहोचली.

चार घास पोटात गेल्यावर मात्र प्रत्येकाला आपण काय केले ते उमगू लागले. एरास्टस हाइम्बोदींचे पत्र्या-सिमेंटचे दुकान होते. ते खिळे वजन करून देत आणि काटा जरा झुकला की एक खिळा काढून घेत. उधारी नाही, सूट नाही, हसणे नाही. बायको वारलेली, मूलबाळ नव्हते. आणि गावात सगळ्यांना माहीत असून कुणी तोंडावर न बोललेली गोष्ट अशी, की साठी उलटली तरी एकाही बापाने आपल्या लेकराला त्यांचे नाव दिले नव्हते. विल्होंच्या नावाची पोरे फुटबॉलच्या एकाच संघात चार होती. रविवारी चर्चमध्ये बाप्तिस्मा असला की हाइम्बोदी पाद्री नाव उच्चारेपर्यंत मान पुढे काढून ऐकत, आणि मग "बरं झालं, खर्च वाचला" असे शेजाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणत. शेजारी हसायचा, पण हाइम्बोदी हसत नसत.

त्यांना सांगायची कामगिरी अर्थातच लामेक यांच्या गळ्यात पडली. ते गेले तेव्हा हाइम्बोदी अंगणात पिकअपचा चिखल धूत होते.

"ताते, परिषदेनं एक ठराव केलाय," लामेक फाटकाबाहेरूनच म्हणाले. "नव्या बाजाराला तुमचं नाव द्यायचं ठरलंय."

"माझं?"

"हो. एरास्टस हाइम्बोदी बाजार."

"विल्हो काय म्हणाला?"

"पहिला हात त्यांचाच होता."

"आणि साकेउस?"

"एकमतानं झालं, ताते."

हाइम्बोदींनी हातातली बादली खाली ठेवली आणि ते घरात गेले. आत कपाट करकरले. दारामागे त्यांची बंदूक असते हे आठवून लामेक यांनी गाडीची किल्ली हातात घेतली. एवढ्यात हाइम्बोदी बाहेर आले. अंगात लग्नातला काळा कोट, गळ्यात टाय, आणि पायात अजून चिखलाचेच बूट.

"कुठंय लेकरू?" त्यांनी विचारले.

शनिवारी बारसे झाले. हाइम्बोदी पिकअपमध्ये पाण्याची भलीमोठी काळी टाकी घालून आले. टाकी बघून बायकांनी अशी जोरात ललकारी दिली की पलीकडच्या शेतातल्या बकऱ्या पळाल्या. दुपारपर्यंत टाकी चढली, नळाला पाणी आले, आणि त्यांच्याच दुकानातल्या पत्र्यांनी उघडा कोपराही झाकला गेला. विल्हो आणि साकेउस तोंडात मारल्यासारखे बघत राहिले. सगळे बाजरीचे आंबवलेले ओशिकुंडू प्यायला वळले तेव्हा हाइम्बोदी बाजाराच्या एका खांबाला हात लावून एकटेच उभे होते. "माझ्यासारखा होऊ नकोस," ते खांबाला सांगत होते. "माझ्यापेक्षा बरा हो." हे फक्त काइनोने ऐकले, आणि तिने ते हसण्यावारी नेले.

पण झाले उलटेच. बाजार त्यांच्यावर गेला, निदान बायकांनी तसे जाहीर केले. आमच्याकडे शेंगा, चवळी, मासळी मापाने घेतली की गिऱ्हाईक वर एक मूठ मागते आणि विकणारीने ती घालायची असते. नव्या बाजारात बायकांना त्यातून सुटायला नामी युक्ती सापडली.

"मेमे, एक मूठ वर घाल की," गिऱ्हाईक म्हणायचे.

"माझी ना नाही गं," काइनो डोळे आभाळाकडे लावून म्हणायची. "पण बाजाराचा स्वभाव पडला ना! हाइम्बोदींचं नाव आहे. हातच पुढं होत नाही."

सुटे पैसे परत द्यायला नसले तर बाजाराचा स्वभाव. दोघी भांडल्या तर बाजाराचा स्वभाव. फाटक अडकले की "हट्टी आहे, म्बुशेवर गेलाय." गावभर हसण्याला ऊत आला. आणि एके दिवशी खांबामागे उभ्या असलेल्या हाइम्बोदींनी हे सगळे आपल्या कानांनी ऐकले.

ते घरी जाऊन खाटेवर बसून राहिले. आजवर लोक त्यांना कवडीचुंबक म्हणत, त्याचे त्यांना काही वाटत नसे. पण आता आपल्यामुळे लेकराला नावे ठेवली जात होती, आणि हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागले. लेकराचा स्वभाव सुधारायचा तर म्बुशेने आधी आपला सुधारायला हवा, हा हिशेब त्यांना लगेच कळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात नोकराला बसवून हाइम्बोदी बाजारात आले आणि हसले. समोरची टोमॅटोवाली घाबरून उभी राहिली.

"काही चुकलं का, ताते?"

"नाही. कशी आहेस? रात्री झोप लागली? घरचे बरे आहेत? गुरं बरी आहेत?"

त्यांनी प्रत्येक ओट्यावर थांबून अशी सगळ्यांची विचारपूस केली. त्याला दुपार झाली. मग काइनोकडे एक बाई मासळी घ्यायला आली. काइनोने माप भरले, तोच हाइम्बोदींनी ढिगात हात घातला आणि मूठ भरून मासळी त्या बाईच्या टोपलीत टाकली. "घे. या बाजारात कुणी हात आखडत नाही."

"ताते, ती मासळी माझी आहे!"

"आणि नाव माझं आहे," हाइम्बोदी प्रेमाने म्हणाले. "घाल अजून एक."

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात ते असे रोज सुरू झाले. शेंगांवर मूठ, चवळीवर मूठ, अळ्यांवर दोन मुठी. शेजारच्या गावाहून गिऱ्हाइकांच्या गाड्या भरून येऊ लागल्या आणि बायकांचे ढीग दुपारच्या आत सपाट होऊ लागले. कुणी आवाज चढवला की हाइम्बोदी मधे येऊन उभे राहत आणि दोघी हात हातात घेईपर्यंत हलत नसत. ऊन उतरले की ते फाटक लावून घेत, कारण लेकराने वेळेवर झोपलेले बरे. परिषदेच्या सभांना त्यांनी येणेच सोडले. घरात लहान असल्यावर कुठे जमते, असा निरोप त्यांनी पाठवला.

एका गुरुवारी काइनो साऱ्या बायकांना घेऊन सभागृहात घुसली. "नाव काढा. आत्ताच्या आत्ता."

"अगं, टाकी दिली ना त्यांनी?" मेमे रौना म्हणाल्या.

"टाकी दिली आणि आमचे ढीग वाटले. पहिले हाइम्बोदी बरे होते हो, निदान आपल्याच दुकानात बसायचे!"

"दिलेलं नाव काढता येत नाही," साकेउस गंभीरपणे म्हणाले. "लेकरू आजारी पडतं. वादळात छप्पर उडालं तर जबाबदार कोण?"

"आणि नाव ठेवायचा हक्क बापाचा," विल्हो म्हणाले. "बदलायचं तर बापाला विचारा. बाजाराचा बाप कोण?"

यावर बराच वेळ वाद झाला. बांधणारा ठेकेदार हाच बाप, असे शेवटी ठरले. पण तो छप्पर अर्धवट टाकून कधीच पळाला होता. बाप परागंदा, तेव्हा नाव कायम. मेमे रौना वैतागून उठल्या. "अगं बायांनो, त्या माणसाला लेकराची भूक आहे. बाजार काय, उद्या खांबाला नाव दिलं तर खांबालाही कुरवाळेल. खरं लेकरू मिळालं तर तो तुमच्याकडं ढुंकून बघायचा नाही."

काइनोने मागे वळून पाहिले. तिची मुलगी तायमी, बाजारातच फॅटकेक तळून विकणारी, दिवस भरत आल्यामुळे भिंतीला टेकून उभी होती. एक एक करून सगळ्या बायकांनी तिच्या पोटाकडे पाहिले.

तायमीचा नवरा जूनियास टॅक्सी चालवायचा. त्याला संध्याकाळी सासूने जेवायला बोलावले, कोंबडी वाढली, आणि दुसरी तंगडी ताटात पडताच त्याला संशय आला.

"काय पाहिजे, मेमे?"

"काही नाही रे. बाळाचं नाव काय ठेवणार?"

"ठरवलं नाही अजून."

"मुलगा झाला तर एरास्टस ठेव. मुलगी झाली तर एरास्टीना."

जूनियासने तंगडी खाली ठेवली. "त्या हाइम्बोदींचं? माझं लेकरू खिळे मोजेल!"

"टॅक्सीवाल्याच्या लेकरानं काही तरी मोजलेलं बरंच आहे. तुझ्या खिशात कधी काही राहिलंय?"

"नाव ठेवायचा हक्क माझा आहे, मेमे. सासूचा नाही," असे म्हणून जूनियास उठला. जाताना तंगडी मात्र त्याने बरोबर घेतली.

तायमीच्या पोटात कळा सुरू झाल्या त्या भर बाजारात, सकाळी, फॅटकेकची कढई तापलेली असताना. जूनियास गिऱ्हाईक घेऊन ओशानाच्या पलीकडे गेलेला, फोन लागेना. बायका धावपळ करू लागल्या तोवर हाइम्बोदींनी पिकअप ओट्याला आणून लावली होती. वाटेत पाणी रस्त्यावरून वाहत होते. गाडी अडकली तशी ते खाली उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहून त्यांनी ढकलणारी माणसे गोळा केली आणि सगळ्यांना नावानिशी शिव्या देत गाडी पार केली.

दवाखान्यात नर्सने विचारले, "तुम्ही कोण? आजोबा?"

"बाजाराचा म्बुशे," हाइम्बोदी म्हणाले. नर्सने त्यांना पाणी प्यायला देऊन बाहेरच्या बाकावर बसवले.

जूनियास धापा टाकत पोहोचला तेव्हा ते चिखलाने भरलेली पँट घालून, बूट हातात धरून व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. "आता येतोस?" ते त्याच्यावर ओरडले, आणि पुन्हा वळून स्वतःशीच काही पुटपुटू लागले. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला. मुलगी झाली होती, आणि दोघीही सुखरूप होत्या.

बारशाला सगळा बाजार लोटला. बायका खुशीत होत्या, कारण जूनियास आता नाही म्हणायच्या स्थितीत नव्हता. नाव एरास्टीना, म्हणजे सोमवारपासून ढीग आपले, असे त्यांनी धरूनच ठेवले होते. हाइम्बोदी आले, काळा कोट घालून, पण हात रिकामे. बायका एकमेकींना ढोसू लागल्या. "बघ, शेवटी मूळ स्वभावावर गेले."

हाइम्बोदी बसले नाहीत. "मला विल्होनं सगळं सांगितलंय," ते म्हणाले. "मी बाजारातून जावं म्हणून तुम्ही हे लेकरू मला देताय. तुमचं चुकलं नाही. मी तुम्हाला पिडलं. मला कळत नव्हतं किती लाड करायचे, कधी केलेच नव्हते." "पण लेकराचं नाव असं वापरायचं नसतं. जूनियास, तू तिला चांगल्या माणसाचं नाव दे. मी उद्यापासून बाजारात येणार नाही." आणि ते फाटकाकडे वळले.

काइनोने मान खाली घातली.

"थांबा, ताते," जूनियास म्हणाला. "मी एरास्टीना ठेवतोय असं कुणी सांगितलं तुम्हाला? सासूच्या कोंबडीवर मी लेकराचं नाव विकलं नाही. नाव मी त्याच दिवशी ठरवलं होतं, दवाखान्यात." त्याने बाळ तायमीकडून घेतले. "हिचं नाव तांगेनी."

बायकांचे चेहरे पडले. एवढी मेहनत करून नाव भलतेच निघाले. पण हाइम्बोदी जागच्या जागी खिळले होते.

"हे नाव तुला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारले.

"तुम्हीच. येरझाऱ्या घालत होतात आणि म्हणत होतात, घाबरू नकोस तांगेनी, सगळं नीट होईल. मी विचारलं, तांगेनी कोण? तुम्ही म्हणालात, मीच, आई मला असं म्हणायची."

हाइम्बोदींच्या आईला जाऊन चाळीस पावसाळे झाले असतील. तेव्हापासून ते नाव दुसऱ्या कुणी घेतले नव्हते, आणि त्याचा अर्थ 'आभार माना' असा आहे हे तर ते स्वतःही विसरले होते. जूनियासने बाळ त्यांच्या हातात दिले. ते रडले, अगदी मोठ्याने रडले, आणि त्यांचे बघून काइनो रडली, मग साऱ्या बायका रडल्या. एकटे बाळ तेवढे शांत झोपून होते.

सोमवारी बाजारात हाइम्बोदी आले नाहीत. मंगळवारीही नाही. बायकांनी आपापले ढीग नीट रचले आणि कुणाला वर मूठ घातली नाही. बुधवारी टोमॅटोवाली म्हणाली, "आज कुणी विचारलंसुद्धा नाही गं, रात्री झोप लागली का म्हणून." दोघींचे भांडण दुपारभर चालले, कारण मधे येऊन उभे राहणारे कुणी नव्हते. नळ गळू लागला, गिऱ्हाईक पातळ झाले. काइनोने एका बाईला न मागता मूठभर मासळी जास्त घातली आणि मग स्वतःवरच चिडली.

पुढच्या गुरुवारी सभेत विषय होता चौकाच्या नावाचा. सभागृहात जूनियास उभा होता, डोळे तारवटलेले, दाढी वाढलेली.

"नगराध्यक्ष मेमे, माझी विनंती आहे. चौकाला ताते हाइम्बोदींचं नाव द्या. फुटबॉलच्या मैदानालाही द्या. टॅक्सीतळाला द्या. कशालाही द्या, पण आज द्या."

"का रे? एवढं प्रेम?"

"प्रेम नाही, मेमे, झोप! उजाडायच्या आत अंगणात येऊन बसतात. पोरगी शिंकली की माझ्याकडं रागानं बघतात. काल म्हणाले, टॅक्सी हळू चालव, हॉर्ननं तिची झोप मोडते. मी तेव्हा बाजाराच्याही पलीकडं होतो! त्यांना आणखी एखादं लेकरू द्या, म्हणजे माझ्या वाट्याला थोडं कमी येईल."

लामेक यांनी 'चौक' असा शब्द लिहायला घेतला, तोच मागच्या बाकावरून काइनो उठली. "चौक-बिक काही नाही! ते आमच्या बाजाराचे म्बुशे आहेत. थोरलं लेकरू आमचं आहे. ते सोडून चौकाचे लाड कशाला?"

"तुम्हीच नाव काढायला आला होतात ना?" मेमे रौना म्हणाल्या.

"आई रागावली म्हणून लेकरू टाकून देते काय? बाजार वाळलाय. ते नसले की नुसत्या भिंती. उद्यापासून आम्हाला आमचे हाइम्बोदी परत पाहिजेत."

"मग तुम्ही आमच्यासाठी काय ठेवणार?" विल्हो उठले. "आमचा फुटबॉल संघ अजून बिनम्बुशेचा आहे. माझ्या नावाची चार पोरं आहेत त्यात, पण मी त्यांना कधी बूट घेऊन दिले नाहीत. हाइम्बोदी घेतील!"

"पिढीजात सवय," साकेउस म्हणाले. "दुसऱ्याची गुरं आपल्या कळपात!"

मग एकच गलका उडाला. जूनियास चौक चौक म्हणून ओरडत होता, बायका बाक वाजवत होत्या, विल्हो आणि काइनो एकमेकांच्या नाकासमोर बोटे नाचवत होते. त्या गोंधळात सभागृहाचे दार उघडून हाइम्बोदी कधी आत आले ते कुणालाच कळले नाही. छातीशी तांगेनी होती आणि खांद्यावर तिच्या दुपट्याचा ओला कोपरा.

पहिल्यांदा मेमे रौनांना ते दिसले. "ताते, बरं झालं आलात! हे बघा काय चाललंय. बाजार म्हणतो आमचे, जूनियास म्हणतो चौक घ्या, आणि विल्होला पाहिजेत संघासाठी. तुम्हीच मिटवा बाई हे एकदाचं."

हाइम्बोदींनी सगळ्यांकडे एकवार पाहिले. मग ते मागच्या बाकावर जाऊन ऐसपैस बसले आणि त्यांनी बाळाचे कान हलकेच झाकले.

"चालू द्या तुमचं," ते म्हणाले.

जन्मात पहिल्यांदा लोक त्यांच्यासाठी भांडत होते, आणि ते मिटवायची त्यांना मुळीच घाई नव्हती.